आल्याचा वास

पाळकसाहेबांनी मांडववाल्याचे आभार मानले, स्पीकर लावून देणाऱ्याचे मानले, सावद्याहून केळीचे घड घेऊन आलेल्या जितेंद्रभाऊंचे मानले, रविवार असूनही खांबावर चढलेल्या वायरमनचे तर दोनदा मानले, आणि मग डोळे मिटून म्हणाले, "समाप्तीच्या प्रार्थनेसाठी आपण उभे राहू या." मागच्या दाराशी सुलक्षणाबाई तायडे उभ्याच होत्या. हंगामाचा सण होता. वेदीच्या दोन्ही बाजूंना केळीचे घड लटकत होते, पायऱ्यांवर कापसाची बोंडं, ज्वारीची ताटं, भोपळे, कुणी आणून ठेवलेली अंड्यांची टोपली. चर्चच्या मागच्या अंगणात पहाटेपासून कापसाच्या पऱ्हाट्यांचा जाळ करून सुलक्षणाबाईंनी सगळ्या मंडळीच्या भरिताची वांगी भाजली होती. केसांत धूर होता, पदराला धूर होता, नखांत वांग्याची काळी सालं अडकली होती. आता आपलं नाव येईल असं काही त्या मनात म्हणत नव्हत्या. निदान तसं त्यांना वाटत होतं. पण भरलेला समजून हंडा उचलावा आणि तो रिकामा निघावा, तसा काहीतरी झटका त्यांना आतून बसला. झोक गेल्यासारखं झालं. त्यांनी दाराच्या चौकटीला हात लावला आणि प्रार्थनेसाठी डोळे मिटले, पण प्रार्थनेतला एक शब्दही कानात शिरला नाही. डोळ्यांपुढे तो वायरमनच येत राहिला. दोनदा!

मग जेवणं झाली. पंगतीत वाढताना जो तो म्हणत होता, "भरीत एक नंबर झालंय," आणि म्हणताना द्रोणाकडे बघत होता. सुलक्षणाबाईंनी आजवर हे कधी टिपलं नव्हतं. आज प्रत्येक माणसाची नजर कुठे जाते ते त्यांना लख्ख दिसत होतं, आणि आपल्याला ते दिसतंय याचीच त्यांना लाज वाटत होती. संडे स्कूलमध्ये इतकी वर्षं त्यांनी पोरांकडून पाठ करून घेतलं होतं, तुझा उजवा हात काय करतो हे तुझ्या डाव्या हाताला कळू नये. पोरं दोन्ही हात पाठीमागे लपवून ते म्हणायची आणि हसायची. आता त्या दोन्ही हातांनी पुऱ्यांची परात धरून उभ्या होत्या आणि दोन्ही हातांना सारखाच धुराचा वास येत होता. शेजारी बेबाबाई होती, धुळ्याकडची, नवरा कौतिक गेल्यावर जळगावला भावाकडे आलेली, चार घरची धुणीभांडी करणारी. चर्चमध्ये येऊन तिला जेमतेम दोन वर्षं झाली होती. शनिवारी ती आपणहून चर्च झाडायला येई आणि सुलक्षणाबाईंच्या हाताखाली पडेल ते काम करी. परातीतली पुरी उचलता उचलता ती हळूच म्हणाली, "अक्का, पाळकसाहेबनी वायरमननं नाव दोनदाव लिधं. तुनं एकदाव बी नही."

"जाऊ दे गं. आपण काय नावासाठी करतो?"

"तसं नही. पन मले वाईट वाटनं," बेबाबाई म्हणाली आणि पुऱ्या घेऊन पुढच्या पंगतीकडे गेली. सुलक्षणाबाईंना तिचा राग आला. जे आपण कसंबसं झाकून ठेवलं होतं, त्यावरचं झाकण तिनं एका वाक्यात उघडलं. शिवाय आपण दिलेलं उत्तर किती गुळगुळीत होतं! ते त्यांच्या तोंडातून असं निघालं, जणू वर्षानुवर्षं तयारच होतं आणि फक्त कुणीतरी विचारायची वाट बघत होतं.

घरी आल्यावर देवचंद खुर्चीत बसून मंडळीच्या ग्रुपवरचे फोटो बघत होते. भुसावळला रेल्वेत नोकरी करून निवृत्त झालेले देवचंद चर्चमध्ये डाव्या बाजूच्या तिसऱ्या बाकावर बसत, गीतं मोठ्यानं म्हणत, उपदेश चालू असताना डुलकी काढत आणि चहाला सगळ्यांत पुढे असत. "हे बघ, भरिताचा किती छान फोटो आलाय," ते म्हणाले. फोटोत भरिताचं पातेलं होतं, वर हिरवी कांद्याची पात होती आणि कडेला कुणाचं तरी मनगट आलं होतं. बांगड्यांवरून सुलक्षणाबाईंनी ते ओळखलं. देवचंदांनी ओळखलं नाही. त्या न्हाणीघरात गेल्या आणि केस धुतले. धूर गेला. मनातलं गेलं नाही, आणि एवढ्याशा गोष्टीनं आपल्याला इतकं का लागावं हे काही त्यांना कळेना. त्यांना तसं काय कमी होतं? दोन्ही मुली सुखात होत्या, पेन्शन येत होती, गुडघे दुखत होते पण चालत होते. जिनं जन्मभर कुणाकडे काही मागितलं नाही तिला आता एका माइकवरून आपलं नाव ऐकायचं होतं, आणि तेसुद्धा राजदीपसारख्या पाळकाच्या तोंडून, ज्याला सगळं चर्च पाळकसाहेब म्हणत असलं तरी वयानं तो त्यांच्या धाकट्या मुलीपेक्षा लहान होता.

आई असती तर हसली असती. नर्मदाबाई धुळ्याला मिशनच्या वसतिगृहात स्वयंपाक करायच्या. शाळेतल्या बाईंनी एकदा सगळ्या मुलींना शिकवलं होतं, कुणी काही दिलं की 'आभारी आहे' म्हणावं. सुलक्षणा तेव्हा दुसरीत की तिसरीत होती. त्या संध्याकाळी आईनं तव्यावरची भाकरी ताटात टाकल्यावर ती मोठ्या ऐटीत म्हणाली, "आई, मी तुझी आभारी आहे." आईचा हात थांबला. चुलीच्या उजेडात तिचा चेहरा आधी गोंधळलेला आणि मग चक्क दुखावलेला दिसला. "आभार पाहुनासना मानतस," ती म्हणाली. "तू मना घरमा पाहुनी शे का?" त्यानंतर सुलक्षणाबाईंनी आपल्या माणसांपैकी कुणाला तो शब्द कधी म्हटला नाही. आईला नाही, देवचंदांना नाही, बाळंतपणात रात्रंदिवस राबलेल्या नणंदेलाही नाही. तो शब्द बँकेतल्या साहेबासाठी आणि बसमध्ये जागा देणाऱ्यासाठी. सोमवारी दुपारी भाजी निवडताना हे सगळं आठवलं आणि त्यांना क्षणभर फार बरं वाटलं. म्हणजे असंच असेल. आपण घरच्या, म्हणून नाव घेतलं नसेल. वायरमन परका होता, मांडववाला परका होता, त्यांचे मानले. मेथीची अर्धी जुडी निवडून होईपर्यंत हे समाधान टिकलं. मग त्यांना स्वतःचंच हसू आलं. कसली घरची न् काय! तो पोरगा विसरला होता, सरळ विसरला होता. विहिरीचं पाणी रोज मिळतं, त्याची कोण आठवण ठेवतो? गरज सरो, वैद्य मरो असं तरी कसं म्हणावं, गरज तर दर रविवारी पुन्हा उभी राहायची.

आणि ती उभी राहायची म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. चर्चच्या पाठीमागच्या लहानशा स्वयंपाकघरात त्यांची कितीतरी वर्षं गेली होती. त्या खोलीला वर एक जाळी होती आणि जाळीतून सगळी उपासना ऐकू यायची. पहिल्या गीताला पाणी चढवायचं. शास्त्रपाठाला आलं ठेचायचं, पण हळू, आवाज आत जाऊ नये असं. उपदेशात पाळक 'तिसरी आणि शेवटची गोष्ट' म्हणाले की साखर. आशीर्वादाला हात वर झाले की गाळायला घ्यायचं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे, म्हणजे सगळ्या मंडळीनं भाकरीचा तुकडा आणि पेलाभर द्राक्षरस घ्यायचा; तेव्हा त्याच्या अगोदरचं कामही त्यांचंच: शनिवारी संध्याकाळी काळ्या मनुका भिजत घालायच्या, रविवारी सकाळी त्या कुस्करून, उकळून, पांढऱ्या फडक्यातून रस गाळायचा, बोटभर उंचीच्या काचेच्या पेल्यांत भरायचा आणि तबकावर पांढरं वस्त्र झाकून द्यायचं. स्वतःचा पेला त्या शेवटी घेत, दाराशी, उभ्यानं. नंतर ते सगळे पेले धूत. हंगामाच्या उपदेशात राजदीप पाळक म्हणाले होते, पुढच्या हंगामापर्यंत प्रत्येकानं मनाशी एक वैयक्तिक ध्येय ठरवा, देवापुढे ठेवा, कुणाला सांगू नका. जाळीखाली उभ्या राहून सुलक्षणाबाईंनी तेव्हा गमतीनं ठरवलं होतं, एकदा तरी पूर्ण उपासना बसून ऐकायची. पहिल्या गीतापासून आशीर्वादापर्यंत, साडी न खोचता. आभारांच्या आधीचं ते ध्येय होतं आणि त्यात कुणाविषयी काही नव्हतं. आठवडाभरात त्याला धार आली.

शनिवारी त्या नेहमीच्या किराणा दुकानावरून गेल्या. दुकानदारानं त्यांना बघून न विचारताच मनुकांची बरणी खाली काढली. "आज नको," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "बरं काकू," तो म्हणाला आणि बरणी परत वर ठेवली, इतकंच. त्या पुढे चालू लागल्या तेव्हा कानशिलं गरम झाली होती. चहा नाही केला तर लोक घरी जाऊन पितील. पण हे? प्रभूच्या मेजावर रिकामे पेले ठेवायचे? त्यांनी स्वतःला समजावलं, आपण काही मेज उलथून टाकलेलं नाही, फक्त मनुका घेतल्या नाहीत. चर्चला पंच आहेत, सचिव आहेत, बघतील. कुणाला आठवलं तर फोन करतील. फोन आला तर लगेच जाऊन घेऊन येऊ. संध्याकाळपर्यंत फोन त्यांच्या मांडीवर होता. ग्रुपवर कुणाच्या तरी नातवाच्या वाढदिवसाची उपकारस्तुती होती, त्यावर हात जोडल्याची चित्रं येत राहिली. फोन आला नाही. दिवेलागणीला त्यांना प्रथमच भीती वाटली, आणि भीतीबरोबर एक हट्टही आला. आता होऊ द्या जे व्हायचं ते. कळू द्या एकदा.

रविवारी त्यांनी मोरपंखी रेशमी साडी नेसली. देवचंद बघतच राहिले. "आज काय, व्हीआयपी?" आणि चर्चमध्ये त्या मागच्या दाराकडे न जाता त्यांच्याबरोबर तिसऱ्या बाकावर येऊन बसल्या तेव्हा ते कानाशी लागले, "अगं, तब्येत बरी आहे ना? चहाचं काय?" "मंडळी आहे ना," सुलक्षणाबाई म्हणाल्या. बाक कडक होता. समोरच्या बाईच्या अंबाड्यातला आकडा निसटायला आला होता आणि तो नीट खोचावा असं त्यांना सारखं वाटत होतं. हात कुठे ठेवायचे ते कळेना. पहिलं गीत सुरू झालं आणि त्यांना पाणी आठवलं. शास्त्रपाठ सुरू झाला आणि उजव्या हाताची मूठ आपोआप वळली, बत्ता धरल्यासारखी. बसून ऐकलं की उपासना वेगळी असेल, मोठी असेल, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. जाळीतून ऐकू यायची तशीच ती होती, फक्त इथे माणसांच्या पाठी दिसत होत्या. आणि समोर मेजावर तबक होतं. तबकावर पांढरं वस्त्र होतं.

ते वस्त्र कुणी झाकलं? पेले मांडले कुणी? वस्त्राखाली पेल्यांच्या कडा उमटल्या होत्या, पण भरलेले की रिकामे हे कापडावरून कसं कळणार? कपाटातून तबक काढून तसंच आणून ठेवलं असेल. पंचांपैकी कुणीतरी नेहमीसारखं गृहीत धरलं असेल की आत रस आहे, कारण तो नेहमी असतोच. पाळक आता वस्त्र उचलतील, सगळ्यांपुढे. उपदेश चालू होता आणि तो कृतज्ञतेवर होता, पण सुलक्षणाबाईंना त्या कापडापलीकडे काही दिसत नव्हतं. तिसरी आणि शेवटची गोष्ट, पाळक म्हणाले. त्यांचा हात साखरेच्या डब्यासाठी मांडीवरून उचलला गेला आणि परत खाली आला. त्यांना एकदम उठून पळत दुकानात जावंसं वाटलं. देवा, त्या मनात म्हणाल्या, मी हे काय करून बसले. माझं भांडण त्या पोराशी होतं, तुझ्याशी नव्हतं. आठवडाभरातली ही त्यांची पहिली खरी प्रार्थना होती.

पाळकांनी वस्त्र उचललं. पेले भरलेले होते. तांबूस काळा रस, काठोकाठ. सुलक्षणाबाईंनी इतका मोठा श्वास सोडला की देवचंद जागे झाले. आणि तो श्वास पुरता बाहेर पडतो न पडतो तोच दुसरं काहीतरी आत शिरलं, गार आणि अणकुचीदार. म्हणजे आपल्यावाचून काहीच अडलं नाही. आपण नाही म्हटल्यावर एक दिवसही खंड पडला नाही. कामापुरता मामासुद्धा नाही आपण. त्यांनी भाकरीचा तुकडा घेतला, तबक हातोहात पुढे आलं, त्यांनी पेला घेतला. पहिल्यांदाच बसून, सगळ्यांबरोबर. पाळक म्हणाले, "घ्या, प्या," आणि सगळ्या मंडळीनं एकदम पेले ओठांना लावले.

आलं. रसाला आल्याचा वास होता. नुसता वास नाही, घशाखाली उतरताना चांगला झणका होता आणि मागून चहाच्या पत्तीची तुरट चव. पुढच्या बाकावरचं कुणीतरी खोकलं. दोन डोकी एकमेकांकडे वळली आणि शिस्तीत परत खाली झुकली. सुलक्षणाबाईंनी डोळे मिटले. त्यांना ते फडकं दिसलं. स्वयंपाकघराच्या खिळ्यांवर दोन फडकी असत, एक रसाचं आणि एक चहाचं. रसाचं त्या घरी नेऊन धूत आणि शनिवारी परत आणून टांगत. या शनिवारी ते त्यांच्याच घरी, दोरीवर वाळत राहिलं होतं. खिळ्यावर एकटं चहाचं फडकं. आणि ते कुणी हातात घेतलं असेल, हे त्यांना पेला खाली ठेवायच्या आत कळलं. पंच नव्हे, सचिव नव्हे. त्या खोलीत त्यांच्यामागे आणखी एकच माणूस जात असे.

उपासनेच्या शेवटी निवेदनं होती. राजदीप पाळकांनी माइक जवळ ओढला. "गेल्या रविवारी आभार मानताना माझ्याकडून एक मोठं नाव राहिलं," ते म्हणाले. "घरी गेल्यावर बायकोनं मला चांगलंच सुनावलं. आपल्या सुलक्षणाअक्का. भरीत त्यांचं होतं. आणि आजही हा प्रभुभोजनाचा रस, नेहमीप्रमाणे, त्यांच्याच हातचा. अक्का, मंडळी तुमची ऋणी आहे." टाळ्या झाल्या. टाळ्या वाजवता वाजवता काही जण हसू दाबत होते, आलं अजून सगळ्यांच्या जिभेवर होतं. देवचंदांनी अभिमानानं मान ताठ केली. सुलक्षणाबाई बसून राहिल्या. ज्याच्यासाठी आठवडाभर मन कुरतडत होतं ते त्यांना मिळालं होतं, माइकवरून, नाव घेऊन, नेमकं त्या दिवशी, ज्या दिवशी त्यांनी काडी इकडची तिकडे केली नव्हती. आणि जाळीच्या पलीकडे बेबाबाई उभी होती, साखर टाकून, हे सगळं ऐकत. तिचा चेहरा त्यांना दिसत नव्हता, तरी कसा झाला असेल ते त्यांना माहीत होतं. गेल्या रविवारी दाराच्या चौकटीशी तो चेहरा त्यांचाच होता.

गप्प बसणं सोपं होतं. हसून हात जोडले असते की संपलं असतं. सुलक्षणाबाई साक्ष द्यायलाही कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. चमत्कार झालेली माणसं उभी राहत, त्यांचा कधी झाला नव्हता. त्या उभ्या राहिल्या. गुडघा कटकन वाजला.

"पाळकसाहेब, रस मी नाही केला," त्या म्हणाल्या. आवाज वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "या वेळी मी मनुकासुद्धा आणल्या नाहीत. रागावले होते, म्हणून. रस बेबाबाईनं केला. बेबाबाई कौतिक सोनवणे. आणि आल्याचा वास आला तो माझ्यामुळे. रसाचं फडकं माझ्या घरी राहिलं, तिला चहाचं मिळालं."

पुढच्या बाकांवरची डोकी मागे वळली. मग देवचंदच पहिल्यांदा हसले, आणि मग अख्खं चर्च हसलं, कुजकं नाही, मोकळं, पोटातून. राजदीप पाळकांचे कान लाल झाले होते. "मग बेबाबाई कौतिक सोनवणे यांचे," ते माइकवर सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "सगळ्या मंडळीच्या वतीनं मनःपूर्वक आभार." पुन्हा टाळ्या झाल्या. आशीर्वादासाठी त्यांचे हात वर गेले. गाळायला घ्यायची वेळ झाली, सुलक्षणाबाईंच्या मनात आलं. त्या शेवटच्या आमेनपर्यंत बसून राहिल्या, मग मोरपंखी पदर कमरेला खोचला आणि मागच्या दारानं आत गेल्या.

बेबाबाई ओट्याशी पाठमोरी उभी होती. चहा गाळून झाला होता. "शनवारे झाडाले उनू, झाकन उघाडी दखं, ते भांडं रिकामं," ती वळून न बघता म्हणाली. "मनमा म्हनं, अक्का रागे भरी गयी. पन बठ्ठासले कसाले समजाडानं? मनुका लयनू, सकाये उकाळी लिध्या. फडकं कोनतं ते मले काय माहीत!" सुलक्षणाबाईंना आता सगळं उमगलं. आपला रुसवा लोकांना दिसू नये म्हणून या बाईनं पदरच्या पैशानं मनुका आणल्या होत्या, आणि आपण तो भर चर्चमध्ये उभं राहून सांगून आलो होतो. बाहेर चहाचे ट्रे गेले. उष्टे पेले आत आले. दोघी शेजारी उभ्या राहून ते धुऊ लागल्या, एक विसळत होती, एक पुसत होती. आल्याचा वास काही केल्या काचेवरून जात नव्हता.

"अक्का," बेबाबाई म्हणाली, "माइकमा मनंच नाव लिधं ना त्यासनी? का मले भास व्हयना?"

"तुझंच घेतलं. पूर्ण नाव."

"कौतिकनं बी?"

"कौतिकचंही."

बेबाबाई पुसून झालेला पेला पुन्हा पुसायला लागली. तिचे डोळे भरले होते आणि ती ते लपवत नव्हती. सुलक्षणाबाईंना चुलीच्या उजेडातली आई आठवली, तिचा थबकलेला हात आठवला. आई, या एका गोष्टीत तू चुकलीस, त्या मनात म्हणाल्या. मग त्यांनी ओले हात पदराला पुसले, बेबाबाईकडे तोंड केलं आणि जन्मात आपल्या माणसाला कधी न म्हटलेला शब्द म्हटला.

"बेबाबाई कौतिक सोनवणे, मी तुझी आभारी आहे."

बेबाबाईनं पेला खाली ठेवला. जाळीतून बाहेरच्या लोकांचं बोलणं, कपबश्यांचा आवाज आत येत होता.

"आखो एकदाव म्हन ना व, अक्का," ती म्हणाली.